हेडफोनमधली मथी

मे महिना लागला की मी पंखा बंद करतो. बाकीचं जग या दिवसांत पंखा लावतं, हे मला ठाऊक आहे. पण माझा धंदा आवाज टिपण्याचा, आणि माईकला माणसापेक्षा पंखा फार आवडतो. तर कोलशेत गावात, एका घराच्या मागच्या अंगाला भाड्याने घेतलेल्या खोलीत, खिडकीला गादी लावून आणि दाराला गोधडी टांगून मी घाम गाळत बसतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आहेत. ट्रेने आवाज अडत नाही, हे मला शेवटचा ट्रे चिकटवून झाल्यावर कळलं. काढायचा कंटाळा आला. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, हा बाजूला अंडीपण विकतो.

आज एका टॉवरच्या लिफ्टसाठी आवाज द्यायचा होता. ‘दरवाजा बंद होत आहे.’ एवढंच वाक्य. पण मी ‘बंद’ म्हटलं की बाहेरून ‘चेक, चेक, हॅलो’ येई. गावात कुणाकडे तरी हळद आहे, डीजेवाले स्पीकर रचतायत. गादी थरथरली, ट्रे थरथरले, तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला आणि नुसता बसून राहिलो. पूर्वी मी अशा वेळी चिडायचो. आता चिडायलाही उठावं लागतं असं वाटतं. डोंबिवलीहून खाडीवरच्या पुलावरून स्कूटर हाकत यायचं, घामाने भिजायचं, एका लिफ्टला बोलायला शिकवायचं आणि परत जायचं. घरी बायको काहीतरी विचारते आणि मी उत्तर देतो तोवर तिने विषय बदललेला असतो. दर लग्नसराईत हे वाढतं. हवेत हळदीचा वास येतो आणि माझ्या कानात एक बाई उशिरा येते.

ती उशिरा का येते ते सांगायचं तर आधी टेबलावरचा डबा सांगायला हवा. माईकची वायर सरळ संगणकात जात नाही, मध्ये हा डबा लागतो. ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्याला. गाणाऱ्याच्या कानांवर हेडफोन असतो, कारण आपला आवाज आपल्याला नीट ऐकू आला नाही की माणूस एकतर ओरडतो नाहीतर पुटपुटतो. हा आवाज कानात पोचायला दोन वाटा आहेत. जवळची वाट म्हणजे माईकमधून डब्यात आणि डब्यातून थेट कानात. लांबची वाट डब्यातून संगणकात जाते, तिथे आवाजाला पावडर-कुंकू होतं, मग तो परत डब्यात आणि मग कानात. लांबच्या वाटेने आलेला आवाज नटून येतो, पण उशिरा येतो. शहाणा माणूस यातली एक वाट उघडी ठेवतो आणि दुसरी बंद करतो.

माझ्या शहाणपणाचा नमुना हवा असेल तर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना विचारा. ते आपल्या आठवणी बोलायला माझ्याकडे आलेले. सकाळभर बोलले. जवळची वाट उघडी होती, त्यामुळे त्यांच्या कानात त्यांचा आवाज गोड येत होता, माझ्याही कानात येत होता, मी माना डोलावत होतो. रेकॉर्डचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते परत आले, माईकसमोर बसले, आणि पहिलं वाक्य बोलले, “काल सांगितल्याप्रमाणे.”

ताराआई ही माझ्या घरमालकांची आई. पुढच्या ओट्यावर तिचं राज्य. नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, केसांत अबोली, पुढ्यात सुपात सुकट. मला ती ‘रेडिओ’ म्हणे. “ए रेडिओ, आज कोनाला बोलतं केलास?” या गावांतल्या लग्नांत हळद दळण्यापासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं. ती गाणी म्हणजे धवले, आणि ती गाणारी बाई धवलारीण. ताराआई धवलारीण होती. पण हे काम एकटीचं नसतं. एक ओळ टाकते, दुसरी त्या ओळीचं शेपूट उचलून परत म्हणते, तेवढ्यात पहिली श्वास घेते. ताराआईच्या ओळींची शेपटं उमरभर मथुराबाईने उचलली होती. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मथुराबाई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलीने तिला खडवलीला आपल्या घरी नेलं. खाटेवरून उठणं संपलं.

आणि पुढच्याच मे महिन्यात ताराआईच्या नातीचं, प्राजूचं, लग्न ठरलं.

“मथी नाय त मी नाय,” ताराआईने सांगून टाकलं. सुकटीतले खडे वेचत होती, मानही वर केली नाही.

“आजी, एकटीने म्हण ना,” प्राजू म्हणाली. ही मुलगी ठाण्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करण्याचं काम करते. तिला वाटतं, सगळंच दाबून सुटतं.

“येकटीनं धवला? तू येका पायावं नाचून दाखव मना.”

“जाऊ दे ना,” घरमालक म्हणाले, “डीजे सांगितलाय.”

“डीजेने हळद लागते का, पप्पा? आजी नाही गायली तर मी पाटावर बसणार नाही. मग तुम्ही डीजेलाच हळद लावा.”

घरमालक माझ्याकडे बघायला लागले, जणू डीजे माझा भाऊ. मी स्कूटरची किल्ली शोधतोय असं दाखवत निघून जायला हवं होतं.

आधी प्राजूने मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. ताराआईने ओळ टाकली. खडवलीला ती पोचली, मथुराबाईने उचलली, ती इकडे यायला वेळ लागला. तोवर ताराआईने पुढची सुरू केलेली. दोघी एकमेकींवर आदळल्या, दोघी थांबल्या. “मथे, तू म्हन आदी.” “नाय गो, तू म्हन.” मग दोघी एकदम. मग दोघी गप्प. शेवटी मथुराबाईचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठला आणि ताराआईने मोबाईल उलटा करून सुपाखाली ठेवला.

तेव्हा मी तोंड घातलं. “ताराआई, तुमच्या जोडीला तुम्हीच गा. आधी एकदा रेकॉर्ड करतो, मग ते ऐकत दुसरीच्या ओळी म्हणा. दोन तारा.”

“माज्या जोरीला मीच? मंग नवरीबी मनाच करा.”

पण प्राजूने तिला हाताला धरून माझ्या खोलीत आणून बसवलं.

दुपारची वेळ होती. गावातले डीजे झोपलेले. पंखा बंद, गादी लावलेली, लॅपटॉप तापू नये म्हणून खाली चार उलट्या वाट्या. ताराआईने हेडफोन घालण्याआधी अबोलीचा गजरा अलगद काढून मांडीवर ठेवला, हेडफोन घातला, आणि त्याच्यावर गजरा परत माळला. खोलीत अबोलीपेक्षा सुकटीचा वास जास्त होता. तिला बरं वाटावं म्हणून मी लांबच्या वाटेवर जरा सढळ हाताने घुमारा टाकला, म्हणजे ओळ संपली की तिचं शेपूट परत ऐकू येईल. जवळची वाट बंद करायला विसरलो. त्यात माझा लॅपटॉप म्हातारा, त्याला धाप लागू नये म्हणून मी जास्तीचा वेळ देऊन ठेवलेला. थोडक्यात, ताराआईच्या कानात ताराआई दोनदा पोचत होती. एकदा वेळेवर, आणि एकदा मागाहून, जराशी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. आणि मी? मी माझ्या हेडफोनमध्ये फक्त कोरडा, न नटलेला आवाज ऐकत होतो. मला काहीच कळलं नाही.

मला एवढंच दिसलं की ती ओळ टाकते आणि थांबते. मान डावीकडे जरा कलते. मग पुढची ओळ. दर ओळीनंतरचा थांबा थोडा लांबत चालला होता. मला वाटलं, वय, उकाडा. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तिने डोळे न उघडता हाताने मला गप्प केलं. जात्यावरच्या हळदीचं अख्खं गाणं तिने तसं म्हटलं. एकदाही अडली नाही.

मग हेडफोन काढला आणि विचारलं, “कवा आली?”

“कोण?”

“मथी. बरी गाते अजून. जरा मागं परते, पन गाते.”

मी प्राजूकडे पाहिलं. प्राजूने गादीकडे पाहिलं. ताराआईला खरंच तसं वाटलं होतं, का ती आमची फिरकी घेत होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. तिचा चेहरा खडे वेचताना असतो तसाच होता.

काय झालंय ते मला कळलं, आणि मी कसबी माणसाच्या तोऱ्यात ते दुरुस्त केलं. लांबची वाट बंद, घुमारा बंद. “आता बघा, किती स्वच्छ येतं.” ताराआईने एक ओळ टाकली. थांबली. मान कलली. बराच वेळ तशीच राहिली. मग तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला, रिकामी वाटी परत द्यावी तसा.

“गेली ती,” म्हणाली, आणि उठायला लागली.

मला आयुष्यात पुष्कळदा चूक सुधारता आलेली नाही. पण केलेली चूक जशीच्या तशी परत करता न येणं हा प्रकार नवा होता. कुठली कळ किती फिरवली होती, घुमारा किती टाकला होता, काही आठवेना. मी ताराआईला परत बसवून एकेक कळ फिरवत होतो आणि ती कानाला हेडफोन लावून सांगत होती, “नाय. ही मथी नाय. ही कोन बया? हिचा गला बसलाय.” घामाने माझी बोटं कळांवरून घसरत होती. शेवटी कधीतरी तिची मान डावीकडे कलली.

त्या आठवड्यात तिने सगळे धवले म्हटले, मांडवाचा, तांदळाचा, न्हाणाचा. आणि माझ्याकडे जमा झाली एक म्हातारा, खरखरीत, फार सुंदर आवाज असलेली लांबच लांब पट्टी, आणि तिच्यात ओळीओळीला रिकाम्या जागा. कारण टिपला जात होता तो कोरडा आवाज. घुमारा फक्त तिच्या कानापुरता होता.

“दादा, मध्ये मध्ये काहीच नाहीये,” प्राजू ऐकून म्हणाली.

“तिथे मथुराबाई आहे.”

“कुठे?”

“आजीच्या कानात.”

“आणि हळदीला जमलेल्या बायकांच्या कानात काय घालू? कापूस?”

वर दुसरीच्या ओळी म्हणायला ताराआई साफ नाही म्हणाली. “मथीचं काम मी करू? ती मेली काय?”

तेव्हा लॅपटॉप, डबा, माईक असा संसार पिशवीत भरून मी खडवलीला गेलेलो. नदीकडून येणारं ऊन अंगाला चावत होतं. मथुराबाई खाटेवर उशीला टेकून बसलेली, अंगाने चिमणीएवढी, हातांत हिरव्या बांगड्या भरभरून. मुलीने पंखा बंद केला तशी ती म्हणाली, “हा मना मारायला आलाय काय?” मी हेडफोन लावून ताराआईचा आवाज सोडला. एवढ्या खेपेला मी सगळ्या कळा तीनतीनदा तपासल्या होत्या. रेकॉर्डचं बटणही दाबलं होतं.

मथुराबाई ऐकत राहिली. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. कपाळाला आठी आली.

“ही येवरी कशाला थांबते?”

“तुमच्यासाठी.”

“माज्यासाठी? माज्यासाठी ही कदी थांबली? हिचं तोंड बंद होयाच्या आदी मना ओल उचलायला लागं. म्हातारी झाली तारी.”

आणि ती रिकामी जागा यायच्या आधीच ओळ उचलायला लागली. ताराआईच्या अंगावर चढून. मी खुणेने सांगत होतो, थांबा, थांबा, जागा येऊ द्या. तिने हेडफोन काढून खाटेवर टाकला. “मना तिचं तोंड दिसाला पायजे रं. तोंड बघून उचलतात. ह्याच्यात काय बघू?” मग डोळे मिटून, कानात काहीही न घेता, तिने आपल्या ओळी एकामागून एक म्हणून टाकल्या. आवाज ताराआईपेक्षा खालचा, पातळ, पण प्रत्येक ओळ पकडीतून न सुटणारी. मी तेवढं टिपलं. निघताना तिने विचारलं, “प्राजूला हलद कोन लावनार पैली?” मला माहीत नव्हतं. “मावशी लावतील,” असं काहीतरी बोललो.

घरी येऊन मी दोघींना संगणकात एकत्र बसवलं. एकीच्या रिकाम्या जागेत दुसरीच्या ओळी कापून डकवल्या. दोघींच्या सुरांची पट्टी जुळेना, ती जुळवली. ऐकायला अगदी तंतोतंत झालं. मी अभिमानाने ताराआईला ऐकवायला नेलं. तिने ओट्यावर बसून थोडं ऐकलं.

“बंद कर,” म्हणाली. “दोन मेलेल्या बायका गातात असा वाटतं. मी हाय ना जित्ती? माजा आवाज कार त्याच्यातून.”

“मग गाणार कोण?”

“मी. तू खाली मथी ठेव.”

या मांडणीत काय धोका आहे ते मला लगेच दिसलं. घरात कुणालाच दिसलं नाही. रेकॉर्ड केलेली बाई कुणासाठी थांबत नाही, आणि ताराआईचा श्वास त्या उन्हाळ्यात कुठे तुटेल याचा भरवसा नव्हता. म्हणजे मथुराबाईची ओळ एकेक करून, ताराआईचं तोंड बघून, मलाच सोडावी लागणार होती. लिफ्टचा दरवाजा वेळेवर बंद करू न शकणाऱ्या मला.

यंदा बाहेर जी हळद चालली आहे, तिथे धवले नाहीत. ताराआई ओट्यावर असते, सुकट असते, पण ती आता गात नाही. विचारलं तर म्हणते, गला डीजेला देऊन टाकला. मथुराबाई प्राजूच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात गेली. तिच्या ओळी माझ्याकडे आहेत, वेगवेगळ्या कापलेल्या, प्रत्येकीला क्रमांक दिलेला. मी त्या वाजवत नाही. एकट्या शेपटांचं काय करायचं?

प्राजूच्या हळदीला मी मांडवात जात्याच्या मागे बसलो होतो, बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, मांडीवर लॅपटॉप, शेजारी डबा आणि एक छोटा स्पीकर. डीजेवाला लांबून माझ्याकडे दयेने बघत होता. उन्हामुळे मांडवाचं कापड पिवळं दिसत होतं. जात्यावर पाच जणी बसल्या, हळकुंडं पडली, जातं गुरगुरलं. प्राजू अजून घरात होती. आजी गायली तरच बाहेर येणार होती, आणि तिने दार आतून लावलेलं होतं.

ताराआईने पहिली ओळ टाकली. मी घाईने कळ दाबली. मथुराबाईचा आवाज तिच्या शेवटच्या शब्दावर येऊन पडला. बायकांत कुजबुज झाली. माझा कान तापला. दुसऱ्या ओळीला मी घाबरून जास्तच थांबलो, आणि मध्ये नुसतं जातं वाजत राहिलं.

तिसरीपासून मी हेडफोन काढून टाकला. पडद्याकडे बघणं सोडलं. ताराआईच्या तोंडाकडे बघायला लागलो. ओळ संपत आली की तिची हनुवटी किंचित खाली येते, हे मला इतक्या दिवसांत, तिला कानाने ऐकून ऐकून, कधी कळलं नव्हतं. हनुवटी खाली आली की मी कळ दाबायचो. मथुराबाई यायची. वरच्या पट्टीतली ताराआई दोन ओळींत उतरून तिच्या पट्टीला येऊन मिळाली. कुणीतरी म्हातारी मागून म्हणाली, “मथीच ती.” दुसरी म्हणाली, “मथीच. पन हाय कुठं?” घरातली कडी वाजली. प्राजू बाहेर आली आणि पाटावर बसली. तिच्या गालाला पहिली हळद ताराआईने लावली, ओळ न तोडता.

मी थकलो होतो. उकाड्याने, त्या एवढ्याशा हनुवटीकडे डोळे लावून. गाणं शेवटाला आलं, आणि लॅपटॉपने मान टाकायला सुरुवात केली. मी कळ दाबली, काही झालं नाही. परत दाबली. ताराआईची ओळ संपली होती. जातं थांबलं होतं. प्राजू पिवळ्या गालांनी माझ्याकडे बघतेय, डीजेवाला उठून उभा राहिलेला.

ताराआईने मान वळवली. हळदीने माखलेला हात तसाच हवेत. तिने माझ्याकडे बघितलं, चिडून नाही, घाबरूनही नाही. डोळे बारीक करून, ओठ मुडपून, उमरभर शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं तसं, झालं का तुझं, असं. आणि ती थांबली. ओळ यायची तेव्हा येईल, तोवर आपल्याला काही घाई नाही, अशी थांबली.

मग मथी आली.